मुराळ्याला हात लावत नाहीत

पहलगामच्या हल्ल्यानंतरचा तो आठवडा. एप्रिल 2025. चोपड्याच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर एकच पेपर सहा-सात जणांत फिरत होता. दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातले लष्कर, नौदल आणि हवाई दलाचे सल्लागार भारताने ‘अवांछित व्यक्ती’ ठरवले होते आणि देश सोडायला त्यांना एक आठवडा दिला होता. शेजारी बसलेल्या नानांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि विचारलं, "सर, येवढं व्हयनं, तरी त्यास्ले आठ दिनन्ही मुदत कसाले?"

एवढं झालं तरी त्यांना आठ दिवसांची मुदत कशाला, हा प्रश्न रागातून आला होता आणि राग खरा होता. 26 माणसं मारली गेली होती. मी उभी हयात राज्यशास्त्र शिकवलं, पण चहा संपेपर्यंत देता येईल असं उत्तर या प्रश्नाला नाही. म्हणून हा लेख. ‘राजदूताला पाचारण केलं’, ‘उच्चायुक्त माघारी बोलावला’, ‘राजशिष्टाचार बाजूला ठेवून विमानतळावर स्वागत’ अशा बातम्या दर दोन-चार महिन्यांनी येतात. त्यांच्यामागे एक पक्की व्यवस्था आहे, आणि ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

आखाजीचा मुराळी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की सासरी गेलेल्या लेकीचे डोळे वाटेला लागतात. माहेराहून मुराळी यायचा असतो. तो भाऊ असेल, चुलतभाऊ असेल, नाहीतर गल्लीतला विश्वासाचा पोरगा. तो स्वतःसाठी आलेला नसतो, एका घराचा निरोप घेऊन दुसऱ्या घरी आलेला असतो.

आता समजा, दोन्ही घरांत धुसफूस आहे. लग्नातला मानपान राहून गेलाय, हुंड्या-सोन्यावरून शब्दाला शब्द लागलेत. तरी मुराळी ओट्यावर आला की त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात. त्याला पंगतीला बसवतात. सासरा चार कडू शब्द बोलेल, ‘तुझ्या बापाला सांग’ म्हणून खडसावेल, पण मुराळ्याला हात लावत नाहीत. त्याला मारलं तर पुढच्या आखाजीला येणार कोण? आणि आपल्याही घरची लेक कुठेतरी दिलेली असते, आपलाही पोरगा कुणाच्या तरी ओट्यावर जाणार असतो.

राजदूत म्हणजे देशाने पाठवलेला मुराळी. त्याचं कार्यालय म्हणजे दूतावास. भारत, पाकिस्तान, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे जो राजदूत पाठवतात त्याला उच्चायुक्त म्हणतात, आणि त्याच्या कार्यालयाला उच्चायुक्तालय. नाव वेगळं, काम तेच. कोणी कुणाला कसं भेटायचं, कुठे बसवायचं, कोणाचं नाव आधी घ्यायचं याच्या नियमांना राजशिष्टाचार म्हणतात. मंत्री दौऱ्यावर येणार म्हटलं की आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात ज्या शब्दाची धावपळ सुरू होते, तोच हा शब्द.

बऱ्हाणपूरचा चांदीचा खांब

आमच्या चोपड्यावरून एक राजदूत गेला होता. साल 1615. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने जहांगीर बादशहाकडे सर टॉमस रो नावाचा दूत पाठवला. सुरतेला जहाजातून उतरताच पहिली कटकट झाली ती झडतीवरून. बंदरावरच्या अधिकाऱ्यांना त्याच्या माणसांची झडती घ्यायची होती. रोचं म्हणणं, मी व्यापारी नाही, राजाचा दूत आहे, माझ्या माणसांना तपासायचं नाही. मग तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर या जुन्या वाटेने बऱ्हाणपूरला पोचला. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी तेव्हा ते खानदेशचं मुख्य ठाणं होतं आणि तिथे जहांगिराचा मुलगा परवेझ कारभार पाहत होता.

नोव्हेंबरात रो शहजाद्याच्या दरबारात गेला. ही भेट त्याने स्वतः रोजनिशीत लिहून ठेवली आहे. एक अधिकारी पुढे येऊन म्हणाला, डोकं उघडं करून जमिनीला टेकवा. रोने उत्तर दिलं की मी मानाने भेटायला आलोय, चाकरांची रीत मला लागू नाही. तो पुढे गेला, आपल्या पद्धतीने झुकला. परवेझनेही किंचित वाकून प्रतिसाद दिला. रोने विचारलं, पायऱ्या चढून वर येऊ का? उत्तर आलं, इराणचा शहा आला तरी त्याला इथे वर घेणार नाही. मग त्याने खुर्ची मागितली. या जागी आजवर कोणी बसलेलं नाही, असं सांगण्यात आलं. शेवटी शहजाद्याच्या डोक्यावरचं छत पेलणारा चांदीने मढवलेला एक खांब होता, त्याला टेकून उभं राहायची परवानगी मिळाली.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हसायची. एवढा मोठा माणूस खुर्चीसाठी भांडतो? पण तो भांडत होता ते त्याच्या गुडघ्यांसाठी नव्हे. त्याने डोकं टेकवलं असतं तर त्या दरबाराच्या हिशेबी इंग्लंडचा राजा बादशहाचा मांडलिक ठरला असता. आणि परवेझने खुर्ची दिली असती तर बापाच्या दरबारात जो मान कुणाला नाही तो मुलाने एका परक्याला दिला, असा बोभाटा झाला असता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. खांबाला टेकणं ही तडजोड होती. बसलाही नाही आणि चाकरासारखा ताटकळलाही नाही. त्याच भेटीत रोने बऱ्हाणपुरात इंग्रजांना वखार ठेवण्याची परवानगी मागितली आणि परवेझने ती मान्य केली.

राजशिष्टाचार असाच चालतो. दोन्ही बाजूंना आपली मान ताठ ठेवून बोलता येईल अशी एक जागा शोधायची. ती सापडली की मग कामाचं बोलणं सुरू होतं.

टोपी-टॉवेलचा क्रम

अमळनेर तालुक्यातल्या एका लग्नाची आठवण आहे, आमच्याच भावकीतलं. मांडवात माईकवरून एकेकाचं नाव पुकारून टोपी-टॉवेल-नारळ देणं चाललं होतं. नवरीच्या मामाचं नाव सहाव्या क्रमांकावर आलं. मामा उठले, नारळ होता तिथेच ठेवला आणि मांडवाबाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मंगलाष्टकं तासभर थांबली. अखेर घरातले सर्वांत वडीलधारे काका हातात टोपी-टॉवेल घेऊन लिंबाखाली गेले आणि तिथेच त्यांनी मामांचा मान केला. त्यानंतर आमच्या भावकीत एक रीत पडली. दोन्हीकडच्या मामांचा मान एकाच वेळी, आणि बाकी कुणाचं नाव माईकवरून घ्यायचं नाही.

युरोपातल्या राजांना हाच धडा शिकायला बराच काळ लागला. 1661 मध्ये स्वीडनचा नवा राजदूत लंडनला आला. स्वागताच्या मिरवणुकीत त्याच्या गाडीमागे आधी कोणाची बग्गी, फ्रान्सच्या राजदूताची की स्पेनच्या? दोघांनीही हत्यारबंद माणसं आणली होती. स्पेनवाल्यांनी तर घोड्यांचे चामडी पट्टे काढून लोखंडी साखळ्या लावल्या होत्या, म्हणजे ते कोणाला कापता येऊ नयेत. भर रस्त्यात मारामारी झाली, माणसं मेली, आणि फ्रान्सचा चौदावा लुई युद्धाची भाषा बोलू लागला. अखेर स्पेनला नमतं घ्यावं लागलं.

1698 च्या अखेरीस तुर्की साम्राज्य आणि त्याच्याशी लढलेले देश तहासाठी कार्लोविट्झला जमले. आज हे गाव सर्बियात आहे. आत आधी कोण शिरणार, यावरून सगळं अडलं. तेव्हा चारही बाजूंना दारं असलेला मंडप उभारून सगळ्यांना एकाच वेळी आत घेतलं, असं सांगतात. त्या जागेवर पुढे बांधलेल्या प्रार्थनास्थळालाही चार दारं आहेत.

कायमचा तोडगा निघाला तो 1815 मध्ये, व्हिएन्नाच्या परिषदेत. ठरलं असं की राजदूताची ज्येष्ठता त्याच्या देशाच्या आकारावर, सैन्यावर, राजाच्या किताबावर ठरणार नाही. जो आधी रुजू झाला तो ज्येष्ठ. हा नियम आजही जगभर आहे. म्हणजे दिल्लीत एखाद्या चिमुकल्या बेटाचा राजदूत अमेरिकेच्या राजदूताच्या आधी रुजू झाला असेल तर पंगतीत त्याचं पान आधी. मला हा नियम माणसाने लावलेल्या मोठ्या शोधांपैकी एक वाटतो. दुबळ्या-सबळाचा प्रश्नच तारखेने मिटवून टाकला.

तरी खुर्चीचं भांडण पूर्ण संपलेलं नाही. 2010 मध्ये इस्रायलच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांनी तुर्कस्तानच्या राजदूताला बोलावून मुद्दाम बुटक्या सोफ्यावर बसवलं आणि टेबलावर तुर्कस्तानचा झेंडा ठेवला नाही. पुढे इस्रायलला माफी मागावी लागली. 2021 मध्ये अंकाऱ्यात युरोपीय संघाचे दोन प्रमुख तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांना भेटायला गेले. दोघांपैकी चार्ल्स मिशेल यांना खुर्ची होती, उर्सुला फॉन डेर लायन उभ्याच राहिल्या आणि मग बाजूच्या सोफ्यावर बसल्या. दोन्ही वेळा चर्चेत काय ठरलं ते कोणाला आठवत नाही. खुर्ची मात्र आठवते.

जळगावच्या प्रतिभाताई आणि अधिकारपत्र

राजदूत पाठवायचा म्हणजे तिकीट काढून दिलं असं नसतं. आधी गुपचूप विचारतात, अमुक माणूस पाठवला तर चालेल का? समोरच्या देशाने होकार दिल्यावरच नाव जाहीर होतं. नकार द्यायचा असेल तर कारण सांगायची सक्ती नाही. सोयरीक जमवताना मध्यस्थ आधी कानोसा घेतो, आणि ‘पत्रिका जुळत नाही’ एवढ्या उत्तरावर दोन्ही घरांची अब्रू राहते, तसंच.

होकारानंतर राजदूत येतो, पण राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्र दिल्यावरच तो पूर्ण राजदूत मानला जातो. अधिकारपत्र म्हणजे त्याच्या राष्ट्रप्रमुखाने आपल्या राष्ट्रप्रमुखाला लिहिलेलं पत्र: हा माझा माणूस, याचा शब्द तो माझा शब्द समजावा. 2007 ते 2012 या काळात दिल्लीत आलेला प्रत्येक नवा राजदूत हे पत्र ज्यांच्या हाती देत होता त्या आपल्या प्रतिभाताई पाटील. 1962 मध्ये जळगावातून पहिल्यांदा आमदार झालेल्या. राष्ट्रपती भवनातली ती छायाचित्रं पेपरात यायची. एका बाजूला ताठ उभा राजदूत, समोर पदर डोक्यावर घेतलेल्या ताई, आणि दोघांच्या मध्ये एक लिफाफा. 2009 मध्ये त्या ब्रिटनला गेल्या तेव्हा राणी एलिझाबेथ यांनी त्यांना विंडसरच्या राजवाड्यात पाहुण्या म्हणून ठेवून घेतलं. खानदेशातल्या कितीतरी घरांना तेव्हा आपलीच लेक तिथे गेल्यासारखं वाटलं. ते वाटणं चुकीचं नव्हतं. तो मान ज्या पदाला होता त्या पदाच्या मागे आपण सगळेच होतो.

पातळी खाली आणायची झाली तर तीही याच वाटेने आणतात. ऑगस्ट 2019 पासून भारत आणि पाकिस्तान यांचे एकमेकांकडे उच्चायुक्तच नाहीत. कार्यालयं चालू आहेत, पण प्रभारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली. दार बंद नाही, पण घरातला मोठा माणूस बाहेर येऊन बोलत नाही.

एवढा बँडबाजा कशाला?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि शेतमालाला भाव नसताना तो येणारच. 21 तोफांची सलामी, तिन्ही दलांची मानवंदना, लाल गालिचा, हे सगळं आपल्याच पैशातून होतं.

माझं म्हणणं एवढंच की ही एक भाषा आहे. राष्ट्रप्रमुखाला 21 तोफा आणि सरकारप्रमुखाला 19, हे ठरलेलं असतं. पाहुणा कोणत्या दर्जाच्या दौऱ्यावर आलाय, त्याला विमानतळावर कोण घ्यायला गेलं, मेजवानी कोणी दिली, यातून दोन्ही देश एकमेकांना आणि तिसऱ्यालाही काही सांगत असतात. एरवी परदेशी राष्ट्रप्रमुखाला घ्यायला विमानतळावर एखादा मंत्री जातो. जानेवारी 2015 मध्ये बराक ओबामा आले तेव्हा पंतप्रधान मोदी स्वतः गेले, आणि ‘राजशिष्टाचार मोडला’ ही बातमी झाली. मोडला याचा अर्थ इतकाच की नेहमीपेक्षा एक पाऊल पुढे जाऊन घेतलं. नेहमीचं पाऊल कुठपर्यंत असतं हे ठरलेलं नसतं तर या पुढच्या पावलाला काही अर्थच राहिला नसता.

मग गुन्हा केला तरी मोकळा?

आता अवघड भाग. राजदूत आणि त्याचे राजनैतिक अधिकारी यांना जे संरक्षण असतं त्याला राजनैतिक सूट म्हणतात. तिचे नियम 1961 च्या व्हिएन्ना करारात आहेत आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केला आहे. आपल्याकडे त्यासाठी 1972 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही, त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही, आणि दूतावासात त्याच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय पोलीस पाय ठेवू शकत नाहीत.

याची किंमत कधी कधी फार मोठी असते. 17 एप्रिल 1984 रोजी लंडनमध्ये लिबियाच्या दूतावासाच्या खिडकीतून बाहेरच्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि इव्हॉन फ्लेचर ही बंदोबस्तावरची महिला पोलीस मारली गेली. अकरा दिवस इमारतीला वेढा होता. शेवटी ब्रिटनने आतल्या सगळ्यांना देशाबाहेर जाऊ दिलं आणि लिबियाशी संबंध तोडले. आपल्याकडे 2015 मध्ये गुरुग्राममध्ये दोन नेपाळी महिलांनी एका सौदी राजनैतिक अधिकाऱ्यावर अत्याचाराचे गंभीर आरोप केले. तो सूट वापरून देश सोडून गेला. या दोन घटना वाचताना पोटात कालवतं, आणि कालवायलाच हवं. कराराची बाजू मांडणाऱ्याने त्या झाकून ठेवू नयेत.

तरीही सूट का ठेवतात? कारण ती काढली तर खोट्या गुन्ह्यात अडकवणं फार सोपं आहे. कुठल्याही सरकारला नकोसा राजदूत गप्प करायला एक बनावट तक्रार पुरे. मग आपला माणूस इस्लामाबादेत किंवा बीजिंगमध्ये मोकळेपणाने काम करील का? कराराने दुरुपयोगावर काही दोर ठेवलेले आहेत. त्या देशाचे कायदे पाळणं हे अशा अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. शिवाय सूट त्या माणसाची नसते, पाठवणाऱ्या देशाची असते, आणि तो देश ती काढून घेऊ शकतो. जानेवारी 1997 मध्ये वॉशिंग्टनला जॉर्जियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याने दारूच्या नशेत गाडी चालवली आणि त्या अपघातात 16 वर्षांची मुलगी गेली. जॉर्जिया नुकताच स्वतंत्र झालेला लहानसा देश. त्याने आपल्या माणसाची सूट काढून घेतली आणि त्याला अमेरिकेत तुरुंगवास झाला. असं क्वचित घडतं. ते वारंवार घडायला हवं असं माझं ठाम मत आहे.

दूतावास म्हणजे परक्या देशाची जमीन?

नाही. हा फार पसरलेला गैरसमज आहे. दिल्लीतला अमेरिकी दूतावास भारताच्याच भूमीवर आहे, फक्त तिथे आपले पोलीस विनापरवानगी शिरत नाहीत. सरकारांची गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज 2012 पासून लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात राहिला आणि ब्रिटिश पोलीस दाराबाहेर थांबले. एप्रिल 2019 मध्ये इक्वेडोरने स्वतःच त्यांना आत बोलावलं, तेव्हा त्याला अटक झाली.

आहेराची वही

मग उपाय काय उरतो? नानांच्या प्रश्नाकडे इथून परत येता येतं.

राजदूत किंवा त्याचा अधिकारी नको झाला तर त्याला ‘अवांछित व्यक्ती’ ठरवता येतं. कारण द्यावं लागत नाही आणि पुरावा मांडावा लागत नाही. पाठवणाऱ्या देशाने त्याला परत न्यायचं. वाजवी मुदतीत नेलं नाही तर त्याची सूट संपली असं समजता येतं. ही मुदत ठरलेली नसते. एप्रिल 2025 मध्ये आठवडा दिला, मे महिन्यात पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या आणखी एकाला फक्त 24 तास दिले. मुदत जितकी कमी तितका राग जास्त, असं वाचायचं.

समोरचा देश यावर जशास तसं उत्तर देतो. आपल्या घराघरात आहेराची वही असते ना, वर्षानुवर्षं जपलेली? यांच्याकडून 101 आले, त्यांच्याकडून साडी आली, तेवढंच त्यांच्या घरच्या कार्याला परत करायचं. देशांचीही अशीच वही असते. ऑक्टोबर 2024 मध्ये कॅनडाने भारताचे सहा राजनैतिक अधिकारी काढले, भारताने कॅनडाचे सहा काढले. पहलगामनंतर भारत-पाकिस्तान उच्चायुक्तालयांतली माणसं 55 वरून 30 वर आणायचं ठरलं ते दोन्हीकडे सारखंच.

या वहीतलं एक पान आपल्या मराठी माणसांच्या चांगलं लक्षात आहे. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामगार महिलेच्या व्हिसा अर्जात पगाराची चुकीची माहिती दिल्याचा आरोप होता. त्यांची कपडे उतरवून झडती घेतल्याचं कळल्यावर देश पेटला. अटक झाली कशी? तर त्या दूतावासात नव्हत्या, वाणिज्य दूतावासात होत्या. पासपोर्ट, व्हिसा, परदेशातल्या आपल्या नागरिकांची कामं पाहणारं हे वेगळं कार्यालय असतं आणि त्याला 1963 चा वेगळा करार लागू होतो. तिथल्या अधिकाऱ्याची सूट बरीचशी फक्त सरकारी कामापुरती असते. घरगुती नोकराचा पगार हे सरकारी काम नाही, असं अमेरिकेचं म्हणणं पडलं. भारताने वही उघडली. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवले, त्यांच्या वाणिज्य अधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि विमानतळाचे पास परत मागवले. पुढे खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या कार्यालयात झाली, त्यांना पूर्ण सूट मिळाली आणि जानेवारी 2014 मध्ये त्या परत आल्या.

आणि वहीच फाडून टाकली तर? ते इराणमध्ये झालं. नोव्हेंबर 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात जमाव घुसला आणि 52 जणांना 444 दिवस ओलीस ठेवलं. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेचा इराणमध्ये दूतावास नाही. काही कळवायचं झालं तर तेहरानमधला स्वित्झर्लंडचा दूतावास निरोप पोचवतो. वॉशिंग्टनमध्ये इराणचं काम पाकिस्तानचा दूतावास पाहतो. घरोघरी आपले मुराळी असताना दुसऱ्याच्या तोंडून निरोप धाडायची वेळ येणं, ही फार महाग गोष्ट आहे.

म्हणून आठवड्याची मुदत, नाना. ती त्यांच्यासाठी दिसते, पण त्याच दिवशी इस्लामाबादेत आपलीही माणसं आणि त्यांची कुटुंबं सामान बांधत होती. त्यांना सुखरूप वाघा ओलांडायचं होतं.

खानदेशातल्या घराला याचं काय?

2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांचे पालक रात्र-रात्र फोन धरून बसले होते. जळगाव-धुळ्यातलीही घरं त्यात होती. पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या शेजारच्या देशांनी सीमा उघडल्या, भारतीय विमानं तिथे उतरू दिली, युक्रेनच्या सुमी शहरात अडकलेल्या सुमारे 700 मुलांसाठी वाट काढली गेली. हे सगळं त्या त्या देशांतल्या आपल्या दूतावासांनी, वर्षानुवर्षं जपलेल्या ओळखींवर घडवलं. बँडबाज्याचा खर्च अशा वेळी वसूल होतो.

1963 च्या कराराचं छत्तिसावं कलम प्रत्येक पासपोर्टधारकाने लक्षात ठेवावं. परदेशात तुम्हाला अटक झाली तर ‘माझ्या देशाच्या दूतावासाला कळवा’ असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि हा हक्क तुम्हाला सांगणं हे तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे. आखातात कामाला गेलेल्या पोरांना मी हे पाठ करायला सांगतो. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्या बाबतीत त्या देशाने हेच कलम मोडलं, असा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी दिला. जाधव अजून तुरुंगातच आहेत. निकाल लागला म्हणून दार उघडलं असं झालेलं नाही. पण त्यानंतर सप्टेंबर 2019 मध्ये भारताच्या अधिकाऱ्याला पहिल्यांदा त्यांची भेट घेता आली.

आणि धुळ्याजवळच्या बोरविहीरचा तो जवान, चंदू चव्हाण. सप्टेंबर 2016 च्या अखेरीस, सर्जिकल स्ट्राइकच्या धामधुमीत, तो ताबारेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानच्या ताब्यात सापडला. बातमी ऐकून त्याच्या आजीने प्राण सोडला. दोन्ही देश एकमेकांना तोंड दाखवायला तयार नव्हते, तरी लष्करी कारवायांच्या महासंचालकांमधला दूरध्वनी बंद पडलेला नव्हता. बोलणी चालू राहिली. 21 जानेवारी 2017 रोजी तो वाघा सीमेवरून परत आला.

असाच एक निरोप वर्षातून दोनदा, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला, दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच दिवशी दिला-घेतला जातो. एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या. 2008 च्या कराराने हे ठरलंय. एप्रिल 2025 च्या अखेरीस अटारीचं दार बंद झालं, आकाश बंद झालं, आणि मे महिन्यात क्षेपणास्त्रं पडली. त्यानंतर जेमतेम सात आठवड्यांनी 1 जुलै उजाडला. दोन्हीकडे याद्या ठरल्याप्रमाणे दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानने दिलेल्या यादीत 193 मच्छीमार होते, भारतीय किंवा भारतीय असावेत असे. त्यांच्या घरच्यांना त्या दिवशी एवढं तरी कळलं की आपला माणूस यादीत आहे.